नानांची छोटी वाक्यं

“हा आलेख मी उलटा तर धरला नाही ना?” मानकरी ओबुओबींनी कागद फिरवून पाहिला.

“नाही,” प्राध्यापक बिरागो म्हणाली. “रेघ खालीच जाते.”

“मग झालं तर! शनिवारी सभेत एवढंच सांगायचं, नानांचं डोकं आता चालत नाही. मी सांगितलं तर लोक म्हणतील, याला आपल्या भाच्याला राजाच्या आसनावर बसवायची घाई झालीय. तू सांगितलंस तर ते शास्त्र.”

बिरागोला स्वतःचीच लाज वाटली. कागद तिचाच होता. माणसाचं डोकं लांबलचक वाक्य कसं पेलतं, हा तिचा विषय. त्यासाठी बारा वर्षं ती आपल्याच गावचा, असुबोन्तीचा दरबार टेप करत होती. गावचे राजे नाना अम्पोन्सेम यांची वाक्यं ऐकावीत अशीच. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, पण शेवटी एक धागा सुटलेला नसायचा.

तीन वर्षांपूर्वी ती वाक्यं एकाएकी तुटली. पाच शब्द, मग थांबणं, मग चार शब्द. ‘वक्त्याची क्षमता ढासळत असावी,’ असं बिरागोने निबंधात लिहून टाकलं. नाव दिलं नव्हतं, पण असुबोन्तीत राजा एकच. निबंध ओबुओबींच्या हाती लागला आणि मानकऱ्यांची सभा ठरली. नानांचं आसन काढून घ्यायचं की नाही, एवढाच विषय.

याच नानांनी बिरागोला शाळेत घातलं होतं. मुलीला शिकवून काय करायचंय म्हणणाऱ्या तिच्या मामाला त्यांनी भर दरबारात उभं केलं होतं.

गुरुवारी दरबार होता. ती वही घेऊन ओबुओबींच्या शेजारी बसली.

राजा लोकांशी थेट बोलत नाही. तो हलक्या आवाजात ओच्यामेला सांगतो आणि ओच्यामे ते सजवून लोकांपुढे मांडतो. तो राजाचं तोंड. बाफो ओच्यामे एकतीस वर्षं सोनेरी मुठीची काठी धरून हे काम करत होता. ना बायको, ना पोर. काठी हाच त्याचा संसार.

दोन बहिणी बांधावरच्या कोकोच्या झाडासाठी भांडत आल्या होत्या. दोघी एकदमच बोलत होत्या, त्यामुळे देवालासुद्धा काही कळलं नसतं.

“झाड कोणाचं, विचारतात,” नाना म्हणाले. थांबले. “झाड बांधावर आहे.” थांबले. “फळं निम्मी निम्मी घ्या.”

बाफोने काठी उचलली. “ऐका हो! तुमच्या आजीने जो बांध घातला, त्यावर उभं राहून हे झाड दोघींच्या भांडणाला सावली देतंय, ते काय एकीचं झालं? फळं वाटा, आणि वाटताना तोंडं बंद ठेवा!”

लोक हसले. बहिणीही हसल्या.

“पाहिलंस?” ओबुओबी बिरागोच्या कानात कुजबुजले. “प्रश्न आधी स्वतःच परत बोलून घेतात. लोकांकडे ढुंकून बघत नाहीत, तोंड सारखं ओच्यामेकडे. माझी सासू जायच्या आधी अशीच झाली होती.”

बिरागोने सगळं टिपून घेतलं. नाकारण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी ती नानांच्या आतल्या अंगणात गेली. तिथे घरच्या माणसांना ओच्यामेची मध्यस्थी लागत नाही.

“नाना, मी एक वाक्य बोलेन. त्याला जुळणाऱ्या चित्रावर बोट ठेवायचं. अशी चाळीस वाक्यं.”

“बोल.”

“ज्या बाईच्या शेळीमागे लागलेल्या कुत्र्याला पोराने दगड...”

नानांचं बोट चित्रावर पोचलं होतं. बरोबर चित्र. पुढचंही बरोबर. तिच्या विद्यार्थ्यांची जिथे दांडी उडायची, तिथेही नानांची पापणी लवली नाही. चाळीसपैकी चाळीस.

“तुझ्या मामाने,” नाना म्हणाले, “ज्याला मी त्या दिवशी दरबारात उभं केलं नसतं तर आज तू, त्याची बायको बाजारात ज्या कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसते, तिथे कांदे विकत बसली असतीस, त्यानेसुद्धा मला इतके आडवळणी प्रश्न कधी विचारले नव्हते.”

बिरागो बघतच राहिली. बारा वर्षांपूर्वीसारखंच वाक्य, तोच डौल.

“नाना, मग दरबारात काय होतं तुम्हाला?”

“उद्या सभेत काय सांगणार आहेस?”

“माझं चुकलं असं सांगणार. तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं. ही बघा नोंद.”

“मग ओबुओबी विचारेल, दरबारात हे असं का बोलतात. त्यावर काय सांगशील?”

“ते तुम्ही सांगा.”

“मी नाही सांगणार. तू तुझा कागद वाच आणि बस खाली.”

“आणि तुम्ही आसन सोडणार? माझ्या चुकीच्या कागदावर?” तिचा आवाज चढला. “नाही जमणार मला, नाना. कारण कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

नाना उठले आणि तिला ओसरीवर घेऊन गेले. समोर दहा पावलांवर, त्यांच्याकडे पाठ करून, बाफो एकटाच काठी पुसत बसला होता.

जन्मात कधी आवाज न चढवलेल्या नानांनी छाती भरून श्वास घेतला आणि ते ओरडले, “बाफो! आग! पळ!”

भिंतीपलीकडचं फुफूसाठी उकडलेले कंद कांडणं थांबलं. कौलांवरची कबुतरं भर्रकन उडाली. बाफोने काठीच्या मुठीवर फुंकर मारली आणि तो शांतपणे पुसत राहिला.