तिसऱ्या गाण्यातलं हसू

अस्मिताने गाणं तिसऱ्यांदा मागे नेलं. हसू नव्हतंच.

"मम्मी, हसणारी बाई क्यां छे?" सानवीने अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत विचारलं. ती हॉलच्या मधोमध एक पाय उचलून तयार उभी होती. सोसायटीच्या गणपतीत ती ह्या गाण्यावर नाचणार होती आणि त्या हसण्यावर गिरकी घेणार होती. नाच आईनेच बसवला होता, आपल्या लहानपणच्या आठवणीवर भरवसा ठेवून.

"आत्ता येईल," अस्मिता म्हणाली. पण गाणं संपलं.

'टकाटक एक्स्प्रेस' हा अल्बम शोधायला तिने जंग जंग पछाडलं होतं. शेवटी काल नवऱ्याने, विहंगने, नेटवर कुठूनसा तो हुडकून काढला. आठ गाणी, सगळी नाचाची, आणि त्यांत इथून तिथून उचललेलं सामान खच्चून भरलेलं. आगगाडीची शिट्टी, टेलिफोनची घंटी, टाइपरायटर, जुन्या गाण्यांचे तुकडे, कुत्र्याचं भुंकणं. नागरवाड्यात तिच्या माहेरी ही कॅसेट रोज वाजायची. अस्मिताचं अख्खं बालपण तिच्यावर नाचण्यात गेलं.

आता शिट्टी होती, टेलिफोन होता, मेला कुत्रासुद्धा बरोबर आपल्या जागी भुंकला. फक्त तिसऱ्या गाण्यात मधेच ताट पडतं आणि एक बाई खळखळून हसते, तेवढंच गायब.

"तुझ्या डोक्यातलं असणार ते," विहंग म्हणाला. "लहानपणीचं काय सांगता येतं? जवा दे ने, सोड."

"डोक्यातलं कसं असेल? ती हसते, मग हसू दाबायला तोंडावर हात ठेवते. तेही ऐकू येतं."

"हात ऐकू येतो?"

"येतो."

विहंगला मजा वाटली. अस्मिता मात्र रडायच्या बेतात होती. परीक्षा असो, ताप असो, ते हसू ऐकलं की तिला वाटायचं, चला, आता सगळं ठीक होणार. तेच आपण मनाने रचलेलं असलं तर? तिने बाबांना फोन लावला.

लक्ष्मीकांत म्हणजे गाण्याच्या बाबतीत महाकर्मठ माणूस. अस्मिता तीन वर्षांची असतानाच तिची आई गेली, आणि मग घरात कायदा चालला तो फक्त बाबांचा. शास्त्रीय आणि नाट्यगीतं, बाकी सगळा धांगडधिंगा. ह्या एका कॅसेटला तेवढी माफी. ती तर ते स्वतः लावायचे, रोज सकाळी, दाढी करताना. "बाबा चोरून डिस्कोवाले आहेत," म्हणून अस्मिता त्यांना चिडवायची. थोरला भाऊ अनय चिडवण्यात कधी सामील झाला नाही. लग्न झाल्यावर तिने कॅसेट मागितली, तर बाबा म्हणाले, सापडत नाही.

"बाबा, टकाटक एक्स्प्रेसमधली ती हसणारी बाई आठवते ना तुम्हाला? तिसऱ्या गाण्यातली?"

पलीकडे चालू असलेलं नाट्यगीत बंद झालं.

"आठवते," ते म्हणाले. "थांब, रिक्षा करून येतो."

अर्ध्या तासात ते "साचवीने, भाई, साचवीने" असं रिक्षावाल्याला जपून थांबवायला बजावत फाटकाशी उतरले. जुना टेपरेकॉर्डर त्यांनी पोटाशी धरला होता. तो टेबलावर ठेवून त्यांनी खिशातून कॅसेट काढली.

"सापडली वाटतं," अस्मिता म्हणाली.

"हरवली कधी होती? तुझ्या हाती दिली असती तर वर्षभरात झिजवून टाकली असतीस."

कॅसेट खरखरली आणि तिसरं गाणं सुरू झालं. ताट पडलं, घरंगळत गेलं. बाई खळखळून हसली, मग तोंडावर हात ठेवल्यासारखं हसू दबलं. सानवीने झकास गिरकी घेतली. विहंगने मुकाट कान पकडले.

अस्मिताला आनंद मावेना. "म्हणजे अल्बमच्या दोन आवृत्त्या निघाल्या होत्या तर. विहंग, आता ही बाई कोण ते शोधून काढ. इतकं गोड हसणारीचं नाव कुठेतरी छापलं असेलच की."

"नसेल," बाबा म्हणाले. ते टेपरेकॉर्डरजवळच खुर्ची ओढून बसले होते. "तू इतकी खुशीत नाचायचीस, की सांगवेना. ही कॅसेट विकतची नाही. शेजाऱ्यांची आणून अनयने उतरवली होती. जोडायला वायर नव्हती, म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले आणि सगळ्यांना दम दिला, तासभर कुणी आवाज करायचा नाही. मी गप्प बसलो, तूही बसलीस. एक तुझ्या आईलाच ते जमलं नाही."