आकृती तीनची कड

“सही कर आणि मोकळी हो,” संचालक म्हणाले आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

तिने पेन घेतलं. टोपण मात्र काढलं नाही.

टेबलावर तीन कागद होते. एक तिच्या बढतीचा फॉर्म. दुसरं चौकशी समितीकडे आलेलं निनावी पत्र, टाइप केलेलं, जेमतेम एक पान. तिसरा कागद म्हणजे त्या पत्राला उत्तर: ‘आरोप निराधार आहेत.’ उत्तराखाली चार लेखकांच्या सह्या झाल्या होत्या. पाचवी जागा तिची.

_प्रकाशित लेख: १९. एकूण सायटेशन: ६३८. त्यांपैकी एकाच लेखाची: ४१२._

पत्रातला आरोप त्याच लेखावर होता, आणि तो लेख म्हणजे संस्थेचा जीव की प्राण. मूत्रपिंड वाचवणारं औषध, उंदरांवर सिद्ध केलेलं. कॉरिडॉरमध्ये त्याच्यासाठी खास फळा लावला होता. जगात कुणीही त्या लेखाचा हवाला दिला की हेडक्लार्क जुना आकडा पुसून नवा लिहीत. आणि येत्या सोमवारी साठ रुग्णांना त्या औषधाचा पहिला डोस मिळणार होता.

“पत्र नीट वाचलंत का, सर?”

“वाचलं की! म्हणे आकृती तीनमधले दोन्ही फोटो एकाच उंदराचे. औषध दिलेला आणि न दिलेला, दोघांना सूक्ष्मदर्शकाखालची एकच काचपट्टी, नुसती उलटी फिरवून. पुरावा काय, तर दोन्ही फोटोंच्या कोपऱ्यातला तोच हवेचा बुडबुडा. बुडबुडा! एवढ्यावर हा शहाणा आपल्याला बुडवायला निघालाय.”

“मग होऊ द्या चौकशी.”

“डोकं ठिकाणावर आहे ना? पाच सह्या झाल्या की समिती फाइल बंद करते. एक जरी कमी पडली तरी ते कपाटं उघडतात. चाचणी थांबते.”

“थांबू दे.”

संचालकांनी चष्मा काढला. तिच्या पीएचडीचे मार्गदर्शक तेच होते. तिचा हट्ट त्यांना नवा नव्हता. प्रयोगशाळेत तिला ‘दोनदाबाई’ म्हणत. प्रत्येक पेशी ती दोनदा मोजायची.

“तुझ्या कामावर कुणी बोट ठेवलं याचा राग आलाय तुला. समजतं मला. पण काचपट्ट्या तुझ्या, फोटो तुझे, आकृत्या जुळवल्या मी. घाईत एखादा फोटो इकडचा तिकडे गेला असेल तर गेला असेल. त्याने काय आकाश कोसळतं?”

“माझ्या सगळ्या काचपट्ट्या नंबर घालून ठेवल्यात. उघडू देत कपाटं.”

_पदोन्नतीसाठी प्रतीक्षेचा काळ: ९ वर्षे._

“नऊ वर्षं,” संचालक फॉर्मच्या त्या रकान्यावर बोट टेकवत म्हणाले. “घरच्यांचा तरी विचार कर.”

घरी सासूबाईंनी दारावरची पाटीसुद्धा करून आणली होती, ‘प्रोफेसर’सकट. पाटी कपाटात होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

“पाटी थांबेल,” ती म्हणाली.

दारावर टकटक झाली. हेडक्लार्क मार्कर घेऊन उभे.

“साहेब, एक वाढलं. चारशे तेरा करू?”

“करा!” संचालक ओरडले.

“नको,” ती म्हणाली. “आज राहू दे, काका.”

हेडक्लार्कांनी दोघांकडे पाहिलं, मार्करचं टोपण लावलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

“हे बघ, बाहेरचा कोण काय लिहितो त्याला विचारतंय कोण? लेख मागे घ्यायचा तर पाचही लेखकांची संमती लागते. माझी या जन्मात मिळणार नाही.”

“माहीत आहे मला.”

“मग अडलंय कुठे? थांब, तुझी खात्रीच पटवतो.” त्यांनी कपाटातून तो अंक काढला, पान उघडलं आणि भिंग घेऊन आकृती तीनवर वाकले. “दाखव. कुठे आहे बुडबुडा? आहे कुठे?”

डावा कोपरा पाहिला. उजवा पाहिला. मग भिंग जागच्या जागी थांबलं.

“ही कड तर मी कापली होती,” ते स्वतःशीच म्हणाले. “छपाईला पाठवण्याआधी.”



“बुडबुडा छापलाच गेला नाही.” त्यांनी मान वर केली. “मूळ फोटो तर फक्त आपल्या दोघांकडे. मग या माणसाला तो दिसला कुठे?”

तिने पेनचं टोपण काढलं. उत्तराचा कागद बाजूला सारला, निनावी पत्र पुढ्यात ओढलं, सवयीप्रमाणे दोनदा वाचलं आणि तळाच्या कोऱ्या जागेत, ठसठशीत अक्षरांत, आपली सही केली.