बुजवलेला दरवाजा

"दिगंबरदादा, यंत्र लावा लवकर," हेमांगी भिंतीला पाठ लावून म्हणाली. समोर अख्खं गाव हातात दगड घेऊन उभं होतं.

पटकीच्या साथीत भानुमती राणीने गडाचा हा दरवाजा दगड-चुन्याने बुजवला आणि बाहेरची माणसं तडफडून मेली. तेव्हापासून गाव दरवर्षी या भिंतीला दगड मारायचं. यंदा तर राणीची समाधीही फोडायचं ठरलं होतं. हेमांगी त्या राणीच्या वंशातली शेवटची.

ओल्या चुन्यात तेव्हाचे आवाज वाळून राहिले होते आणि दिगंबरचं यंत्र ते ऐकवू शकत होतं. पण दगडांनी गिलावा पार सोलून काढला होता. खांबाआड तळहाताएवढा तुकडा तेवढा उरला होता. सकाळी त्यातून बाहेरच्या एका बाईचा आवाज आला होता : "राणीसाहेब, बुजवा लवकर. आमची लेकरं आत आहेत, ती तरी जगू देत." आणि त्यावर तटावरून राणीचा हुकूम.

"ती लेकरं म्हणजे तुमचेच पूर्वज!" हेमांगी ओरडली. "सकाळचं रेकॉर्डिंग ऐका तरी!"

"आवाज काय, हल्ली कुणीही बनवतं," सरपंच म्हणाले. "भिंतीतूनच ऐकवा."

दिगंबरने खांबाआडच्या तुकड्याला यंत्र टेकवलं. तेवढ्यात मागून कुणीतरी रिवाजाप्रमाणे पहिला दगड भिरकावला. बाईचा आवाज असलेला अर्धा तुकडा निखळून हेमांगीच्या पायाशी पडला.

उरलेल्या अर्ध्यातून, सगळ्या गावाला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे, राणी म्हणाली, "भिंत पुरी करा."