कापसाचा पुडा

हातात कापूस नसला तरी आईची बोटं वाती वळत राहायची. कापूस संपला वाटतं, म्हणून मी अंबरनाथ एमआयडीसीतून सुटलो की नवा पुडा घेऊनच घरी यायचो. शेजारणी म्हणायच्या, "बनूबाईंचा हात म्हणून कधी रिकामा नाही!"

ब्याण्णव साली ती दोनदा पडली. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं आणि तिला बदलापूरच्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. पहिल्याच रविवारी मी पुडा घेऊन गेलो.

तिथली आया चंद्री म्हणाली, "कापूस कशाला, दादा? इथं तिघांची बोटं अशीच हलतात. हाच तर तो आजार. आईंचं कधीपासून चालू आहे?"



घरी वातींचे सात डबे भरलेले होते. पहिला चार वर्षांपूर्वीचा.