पत्र्याच्या आतला

"काका, एकदाच चढवा ना," निवेदिका म्हणाली, म्हणून पस्तीस वर्षांनी मी यंत्रमानवाचा तो पत्र्याचा पोशाख पुन्हा अंगावर घातला. आमची जुनी अंतराळ-मालिका नव्याने येतेय, आज तिचा सोहळा होता.

मागच्या पडद्यावर नवा यंत्रमानव धावत होता, कोलांट्या मारत होता. तो सगळा कॉम्प्युटरवर बनवलेला, आत कुणी नाहीच. "आणि हा बघा आपला जुना! बिचारा लंगडतच चालायचा!" निवेदिका ओरडली आणि सभागृह खो-खो हसलं.

लंगडणारच. डाव्या गुडघ्यात पत्रा घुसायचा. तशा रक्ताळल्या पायाने मी बावन्न भाग केले. तोंड एकातही दिसलं नाही.

मग नव्या दिग्दर्शकाने पत्र्याच्या खांद्यांवर शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. पत्र्याच्या बोटांत तो राहिना, गडगडत खाली गेला. पुन्हा हशा.

मला राहवलं नाही. मी यंत्रमानवाचं डोकं काढून काखेत धरलं. घामाने निथळणारा टकला म्हातारा बघून हशा विरला.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. "काका, डोकं घाला ना परत. सत्कार त्याचा आहे."