ट्रॅक्टर चालवणारी द्राक्षं

"माणसाला हू, वस्तूला विच," हर्षाली मॅडमनी इंग्रजीच्या वर्गाला पुन्हा बजावलं. मग त्या अमितच्या बाकाजवळ थांबल्या. "उद्या मी सांगितलंय तेवढंच बोला. आयत्या वेळी वेगळं सुचलं तरी तोंडातून काढू नका."

अमितनं मान डोलावली. गारपिटीच्या अंदाजालाही तो कधी एवढा घाबरला नव्हता.

पिंपळगावला द्राक्षबाग होती, बंगला होता, ट्रॅक्टर होता. नव्हती ती फक्त बायको. शेती करणारा नवरा म्हटलं की मुली नाक मुरडत. अशात सिन्नरचं स्थळ चालून आलं. मुलगी, वेदिका, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. अट एकच, मुलाला इंग्रजी बोलता आलं पाहिजे.

वडिलांनी, खंडेरावांनी, त्याला लगेच नाशिकला क्लासला घातलं. शाळेत इंग्रजीच्या तासाला डुलक्या काढणारा अमित आता एकही तास चुकवीना. अगदी छाटणीच्या दिवसांतही नाही. आई, बयाबाई, कौतुकानं शेजारीपाजारी सांगत सुटली.

रविवारी सिन्नरला पोहे झाले, चहा झाला. वेदिकाच्या मामांनी घसा खाकरला.

"घराबद्दल, बागेबद्दल दोन वाक्यं होऊ द्या. इंग्रजीत."

अमितनं रुमालानं कपाळ पुसलं आणि एका दमात बोलून टाकलं, "धिस इज माय फादर विच वी एक्स्पोर्ट. दीज आर द ग्रेप्स हू ड्राइव्ह द ट्रॅक्टर."

म्हणजे वडिलांची परदेशी रवानगी झाली आणि द्राक्षं ट्रॅक्टर चालवू लागली. वेदिकानं ओठ दाबून हसू आवरलं. मामा पंख्याकडे बघत बसले.

गाडी सिन्नरबाहेर पडायच्या आतच नकाराचा फोन आला.

"लय शिकवलं त्या बाईनं," खंडेराव म्हणाले.

बयाबाई पदरानं डोळे टिपत राहिली. अमितनं गाडी पिंपळगावच्या रस्त्याला घेतली.

सोमवारी तो क्लासला पोचला तेव्हा वर्ग सुटला होता. हर्षाली मॅडम एकट्याच होत्या. पुसलेला फळाच पुन्हा पुसत होत्या.

"काय झालं?"

"नकार आला."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं.

"ट्रॅक्टर कोणी चालवला?"

"द्राक्षांनी. तू पाठ करून घेतलं होतंस तसंच."

हर्षाली हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

"आता आईबाबांना घेऊन आमच्याकडे ये," ती म्हणाली. "आमच्या घरी सगळं मराठीतच विचारतात."