शेवटचे चार चिंचोके

पाचवं पान पडलं ते बदामाची सत्ती. केरबाने आधी पानाकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या राजेंद्रकडे, मग तंबूबाहेर पसरलेल्या पवनेच्या पाण्याकडे. तिघांच्याही चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"बोला भाऊ," धोंडाबाई म्हणाल्या. "लावताय, का चेक?"

पत्ते त्याच वाटत होत्या. केरबाच्या कॅम्पवर त्या सात वर्षं स्वयंपाकाला होत्या. पाहुण्यांना भाकरी वाढता वाढता हा पोकर त्यांना पाठ झाला होता. आज खेळ सरपंचपदासाठी होता, म्हणून वाटायला तटस्थ माणूस लागत होतं.

सरपंचपद यंदा महिलांसाठी राखीव होतं. त्यामुळे साहजिकच केरबा आणि राजेंद्र यांच्यात चुरस होती. केरबाच्या बायकोचा, चिमाबाईंचा, अर्ज होता. राजेंद्रच्या बायकोचा, अनघाचाही होता. छाननीत एखादा उडालाच तर हाताशी असावा म्हणून केरबाने धोंडाबाईंचाही एक डमी अर्ज भरून ठेवला होता. गावाला मात्र निवडणूक बिनविरोध हवी होती. शेवटी ठरलं, की चिंचोके लावून पत्ते खेळायचे आणि ज्याचे चिंचोके संपतील त्याच्या बायकोने माघार घ्यायची. दोघी सकाळीच केरबाच्या जीपने वडगावला जाऊन तहसील कचेरीत बसल्या होत्या. माघारीचे कागद, डमीचासुद्धा, सह्या होऊन अनघाच्या पर्समध्ये होते. इकडून फोन गेला की कागद द्यायचे. मुदत तीनची. आता अडीच वाजले होते.

लिमिट खेळायचं, हा आग्रह अनघाचा. "एका डावात सगळं लावून मोकळं व्हायचं नाही. गावाचा प्रश्न आहे," ती म्हणाली होती. लिमिटमध्ये ठरलेले तेवढेच लावता येतात. शेवटच्या पानावर चार चिंचोके, पाचवा नाही. त्यामुळे दहाला बसलेला खेळ अजून चालू होता.

राजेंद्रपुढे आता बरोबर चार उरले होते.

केरबाच्या हातात एक्का आणि राणी. खाली मांडलेल्या, दोघांच्या सामाईक पाच पानांत आणखी एक राणी. जोडी चांगली होती. पण खाली बदामाची तीन पानं झाली होती. राजेंद्रकडे दोन बदाम असले तर त्याची पाची पानं एका रंगाची होणार आणि या जोडीला कुत्रं विचारणार नव्हतं.

"आबा, उद्यापर्यंत ठरवा," राजेंद्र म्हणाला. "मला बोर्ड रंगवायला टाकायचाय."

"तुजा बोर्ड? म्या जीपवर 'सरपंच' लिवून बी घेतलंय."

"सरपंच तुम्ही?"

"खाली 'पती' हाय की. बारीक अक्षरात."

केरबा पुन्हा विचारात पडला. चार लावले आणि राजेंद्रचा हात फुसका असला, तर तो पत्ते टाकून देईल, चार चिंचोके वाचवेल आणि नवा डाव मागेल. बदाम असले तर हसत हसत चार लावेल आणि सगळं ओढून नेईल. म्हणजे लावून मिळायचं काय? चेक म्हटलं, काहीच न लावता डाव त्याच्याकडे सरकवला, तर त्याला वाटेल म्हातारा बदामाला भ्याला. मग थाप मारायचा मोह त्याला आवरणार नाही. पण आवरला तर?

धोंडाबाईंचा फोन वाजला.

"जय भीम, बोल. पाणी न्हाई आलं? तो वॉल्व गळतोय, फडकं बांध त्याला. आन् खालच्या आळीला अर्धा तास जास्त सोड, काल त्यांना कमी गेलंय."

"सकाळपासून सहावा फोन, मावशी," राजेंद्र म्हणाला. "तुम्हाला का करतात सगळे?"

"मी उचलते म्हनून."

केरबाने हात वर केला. "मावशी, म्या चेक केलं आन् ह्यानं लावलं, तर मला परत लावता येतंय?"

"येतंय. त्यानं लावलं तेवढं लावायचं, न्हाईतर पत्तं टाकायचं."

"बरं."

धरणात जमीन गेली तेव्हा केरबाचा बाप पाणी गुडघ्याला लागेपर्यंत बांधावर उभा होता. घाई त्या घराण्यात नव्हतीच. केरबाने आणखी पाच मिनिटं घेतली, मग टेबलावर बोटाने टकटक केली.

"चेक."

राजेंद्रने भुवई उडवली. मग एकेक करत चारही चिंचोके पुढे सारले.

केरबाने चार मोजून टाकले. "दाव."

राजेंद्रने पत्ते उलटे केले. किलवरचा राजा, किलवरचा गुलाम. बदाम औषधालाही नव्हता.

"थाप!" केरबाने मांडीवर हात मारला. "राजाभाऊ, नुसती थाप!"

राजेंद्र शब्दाचा पक्का होता. घड्याळात पावणेतीन झाले होते. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर लावून बायकोला फोन केला.

"अनघा, हरलो आपण. काढ अर्ज."

"काढला."

"अगं, आत्ता सांगतोय मी!"

"अकरालाच काढला. चिमाकाकूंनी पण काढला. मग आम्ही वडापाव खाल्ला."

केरबाच्या हातात अजून राणी होती. ती त्याने हळूच खाली ठेवली. "मंग आता ऱ्हायलं काय?"

"तिसरा कागद, आबा. तो माझ्या पर्समध्ये आहे. तीन वाजेपर्यंत तिथंच राहील. जरा मावशींना द्या फोन."

धोंडाबाईंनी चिंचोके डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं, पदराला हात पुसले आणि फोन घेतला.

"हार नगं आणू बाय," त्या म्हणाल्या. "येताना त्या वॉल्वचा वायसर तेवढा आन."